छतापर्यंत स्प्रूस

संपादकांचा फोन आला. "बाई, सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा." मी विचारलं, "किती मुलं पास झाली ते लिहू का?" ते घाईघाईनं म्हणाले, "नको नको, घडलेलं काहीतरी लिहा." माझ्या बाबतीत घडलेलं म्हणजे बहुतेक वेळा बिघडलेलंच. तेव्हा सगळ्यात जास्त जे बिघडलं तेच लिहिते.

मी मुलाणीबाई. राहणार मुरुम. नोकरी लोहारा तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण आमचे हेडसर अजून नोकरीत आहेत. आमच्या घरात दखनी, एसटीत मराठी, मुरुमच्या बाजारात भाजी घेताना कानडी, आणि शाळेत गेलं की इंग्रजी, असा माझा दिवस जायचा. त्यातली पगार देणारी भाषा एकच होती, आणि तीच मला सगळ्यात कमी येत होती. हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगते. खेड्यात इंग्रजीची बाई म्हणजे फक्त वर्गात शिकवणारी बाई नव्हे. गावात जे जे इंग्रजीत छापून येतं, ते सगळं तिच्यापुढं येतं. फवारणीच्या औषधाच्या डबीतला घडीचा कागद, विहिरीवरच्या मोटारीचं गॅरंटी कार्ड, दुबईला निघालेल्या जावयाचे फॉर्म. एकदा एक आजी सुनेचा सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आल्या. मी म्हटलं, "आजी, हे डॉक्टरचं काम. मला यातलं कळत नाही." आजी म्हणाल्या, "इंग्लिश हाय ना? मग कळत न्हाय कसं?"

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या आधीच्या गुरुजींनी जाता जाता एक कानमंत्र दिला होता. "बाई, काहीही करा, पण 'मला माहीत नाही' असं गावात म्हणू नका. एकदा म्हणालात की उद्यापासून तुमचं बरोबर असलेलंही कुणी खरं मानणार नाही." मी तो मंत्र पाळला. शब्द अडला की म्हणायचे, "हा जुन्या इंग्रजीतला आहे, उद्या सांगते." रात्रीतून तो शब्द माझ्या छोट्या डिक्शनरीत बघायचा आणि सकाळी जणू जन्मापासून ठाऊक असल्यासारखा सांगायचा.

आणि कधी कधी अर्थ माहीत असूनही सांगता यायचा नाही. किसनआबा म्हणून आमच्या गावचे एक वजनदार म्हातारे होते. त्यांच्या नातवानं पुण्याहून आणलेला टी-शर्ट ते धोतरावर घालून एसटीच्या थांब्यावर उभे होते. छातीवर डावीकडं बाण, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं की माझ्या या बाजूचा माणूस मूर्ख आहे. आबांच्या त्या बाजूला सरपंच उभे. आबांनी मला हाक मारली. "बाई, काय लिवलंय वो ह्यावर?" सरपंचही कान देऊन ऐकायला लागले. मी म्हटलं, "आबा, या बाजूला मानाचा माणूस उभा आहे, असं लिहिलंय." दोघेही खूश. पण आबांनी ते इतकं मनावर घेतलं की नातीच्या साखरपुड्यात तोच शर्ट घालून व्याह्यांना आग्रहानं डाव्या हाताला उभं केलं आणि फोटो काढला. तो फोटो व्याह्यांच्या बैठकीत अजून आहे म्हणतात. मी त्या घरी कधी जात नाही.

असं सगळं निभावत निभावत मी निवृत्तीच्या दारात पोचले होते. शेवटचं वर्ष होतं. आणि तेव्हा तो मेसेज आला.

आमचं गाव भूकंपानंतर वसवलेलं. जुनं गाव पलीकडं, दगडांच्या ढिगांवर बाभळी माजलेल्या. नव्या गावात शाळा बांधली तेव्हा देणगीदारांनी एक मोठा हॉल बांधून दिला होता. हॉलच्या मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा रंगवलेला होता. मी रुजू झाले त्याच्या आधीचा. चित्रकलेच्या कुणा गुरुजींनी काढलेला, असं ऐकून होते. ओल येऊन आफ्रिकेला फुगा आला होता, ऑस्ट्रेलियापाशी पालीचा मुक्काम असायचा, आणि त्यापुढं दोन लोखंडी कपाटं उभी केलेली होती. सत्तावीस वर्षं मी त्या हॉलमध्ये परीक्षा घेतल्या, पण त्या नकाशाच्या जवळ जाऊन काही पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही असेल असं वाटलंच नाही.

एका सकाळी हेडसर मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये आले. चेहरा उजळलेला. "बाई, दिगंबरचा मेसेज! कॅनडाहून! आपल्या शाळेच्या पहिल्या बॅचचा."

दिगंबर मोठा इंजिनीअर झाला होता, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मेसेज सगळा इंग्रजीत. हिवाळ्यात येतोय, शाळा पाहायची आहे, विशेष करून हॉल. पुढं एक ओळ होती, 'प्लीज गेट द हॉल स्प्रूस्ड अप.' जे लागेल ते मी पाहीन, असं शेवटी. सोबत एक फोटो. बर्फात उभं असलेलं त्याचं घर, आणि आतली बैठकीची खोली, चारी बाजूंनी लाकडाच्या फळ्या बसवलेली.

"हे स्प्रूस म्हणजे काय हो?" हेडसरांनी विचारलं.

आता स्टाफरूममध्ये चार माणसं बसलेली. मी म्हटलं, "जुन्या इंग्रजीतला शब्द आहे सर. जरा डिक्शनरीत खात्री करून सांगते."

माझी डिक्शनरी पर्समध्येच असायची. उघडली. उजव्या पानाच्या अगदी शेवटच्या ओळीवर तो शब्द होता. स्प्रूस: देवदारासारखं एक झाड, त्याचं लाकूड. पान तिथं संपलं. मी डिक्शनरी मिटली.

त्या वेळी मी ते पान उलटायला हवं होतं. पण अर्थ मिळाला होता, आणि मिळाला तो फोटोशी इतका चपखल जुळत होता की पुढं बघावं असं वाटलंच नाही. मी हेडसरांना ऐटीत व्याकरण समजावलं. "सर, पेंट म्हणजे रंग. पेंटेड म्हणजे रंगवलेला. तसं स्प्रूस म्हणजे लाकूड. स्प्रूस्ड म्हणजे त्या लाकडानं मढवलेला."

"आणि अप?"

"अप म्हणजे वर. छतापर्यंत."

हेडसरांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही नसता तर आम्ही नुसता झाडून ठेवला असता हॉल!"

आज हे वाक्य आठवलं की मला अजून घाम फुटतो.

गावात सुतार एकच, महादूअण्णा. साठी ओलांडलेले, कानावर पेन्सिल, तोंडात तंबाखू. त्यांना बोलावून सांगितलं, स्प्रूस पाहिजे. अण्णांनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "सागवान म्हना, लिंब म्हना, बाभूळ म्हना. हे कुठलं झाड काढलं तुमी? आपल्या मुलकात न्हाय हे."

"थंड देशातलं आहे अण्णा. बर्फातलं."

"मग बर्फातनं आनायचं का?"

शेजारच्या शाळांत, लाकडाच्या वखारीत, उमरग्याच्या दुकानांत विचारून झालं. दुकानदार हसले. पण महादूअण्णांचा हट्ट असा, की एखादी वस्तू मिळत नाही म्हटलं की त्यांना ती स्वप्नात दिसायला लागते. आठ दिवसांनी ते मोटारसायकलवर धापा टाकत शाळेत आले. "बाई, चला! इंग्लिश वाचायचंय!"

त्याचं असं झालं होतं. आमच्या जिल्ह्यात डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची यंत्रं परदेशातून मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून आलेली. यंत्रं वर गेली, खोकी भंगारवाल्याकडं पडली. अण्णांनी तिथं एका फळीला रंधा मारून पाहिला, तर आतून लोण्यासारखं पांढरं लाकूड निघालं. राळेसारखा वास. असलं लाकूड त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि खोक्याच्या एका बाजूला काळ्या शाईचे इंग्रजी ठसे होते.

मी भंगाराच्या ढिगात उभी राहून ते ठसे वाचले. वजन, बाण, छत्रीचं चित्र, आणि त्याखाली स्पष्ट एकेक अक्षर: एस, पी, आर, यू, सी, ई. मी आनंदानं ओरडलेच. "अण्णा, स्प्रूस!"

"सापडलं का न्हाय?" म्हणत अण्णांनी फळीवर अशी थाप मारली, जशी चांगल्या बैलाच्या पाठीवर मारतात.

मग पंधरा दिवस हॉलमध्ये रंध्याचा आवाज. अण्णांनी खिळे उपसले, फळ्या तासल्या, घासल्या. तीन भिंती झाल्या. शाळेत पाऊल टाकलं की डोंगरातल्या जंगलात आल्यासारखा वास यायचा. मुलं भुसा खिशात भरून घरी न्यायची.

राहिली मागची भिंत. कपाटं सरकवली त्या दिवशी मंगल हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. मंगल म्हणजे शाळेची खिचडी शिजवणारी बाई. चाळिशीची, अंगानं काटक, बोलायला थोडी. हातातला डाव तसाच.

"बाई, तेवढी भिंत सोडा की."

"का गं?"

"तिथं आमचा नकाशा हाय."

मला वाटलं, शाळेतली म्हणून 'आमचा' म्हणतेय. मी म्हटलं, "मंगल, तो पार खराब झालाय. आपण प्लॅस्टिकचा नवा आणू, रंगीत. धुता येतो तसला."

"नवा नको. ह्योच..."

"अगं, त्यांनी सगळा हॉल सांगितलाय. वरपर्यंत. इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय."

मंगल जरा वेळ भिंतीकडं पाहत उभी राहिली आणि खिचडी लागेल म्हणून परत गेली. महादूअण्णांनी भिंतीला भोकं पाडून आडव्या पट्ट्या बसवल्या, पट्ट्यांवर फळ्या ठोकल्या. संध्याकाळपर्यंत जग दिसेनासं झालं.

दिगंबर आला त्या दिवशी गावानं काही कमी केलं नाही. तेरखेड्याहून फटाक्यांची लांबच लांब माळ आणली होती. ती वेशीपासून शाळेच्या फाटकापर्यंत फुटत आली, आणि धुरातून दिगंबर आला. साधा माणूस. कॅनडात इतकी वर्षं काढून बोलणं अगदी आमच्या गावचं. हार घातले, नारळ दिला, आणि हेडसर त्याला घेऊन हॉलच्या दाराशी आले. मागं सरपंच, कमिटी, शिक्षक, मुलं, आणि सगळ्यांत मागं हात पुसत मंगल. मी पुढं होते. नवी साडी नेसले होते.

दार उघडलं. दिगंबर उंबऱ्यातच थांबला. त्यानं मोठा श्वास घेतला.

"हा वास..." तो म्हणाला. "हा तर आमच्या तिकडचा वास आहे."

मी म्हटलं, "स्प्रूस!"

तो पुढं गेला, फळ्यांवरून हात फिरवला. काम सुरेखच होतं. महादूअण्णा मिशीत हसत होते. दिगंबर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडं गेला, मागच्या भिंतीपाशी आला, तिथं थांबला. मग मागं वळून हेडसरांना म्हणाला,

"सर, नकाशा कुठंय?"

"नकाशा?" हेडसर गोंधळले. "तो... या फळ्यांच्या मागं आहे. जुना झाला होता."

"झाकला?"

"आपणच लिहिलं होतं ना, हॉल स्प्रूस करा म्हणून?"

दिगंबरनं फळीवर तळहात ठेवला. मग त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्याचा चेहरा हसू की रडू असा झाला. "सर, स्प्रूस अप म्हणजे साफसूफ करा. झाडलोट करा, जाळी काढा, जरा नीटनेटकं करा. तेवढंच म्हणालो होतो मी."

मागं एक मुलगा शिंकला तर सगळे दचकले. हेडसर हळूच म्हणाले, "बाईंनी तसा अर्थ सांगितला होता."

आणि मग सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला. सरपंच, किसनआबा, दहावीचा वर्ग, सगळे.

खरं सांगते, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. इंग्रजीत एका शब्दाचे दोन अर्थ असतात. कॅनडातलं इंग्रजी निराळं, आपल्या पुस्तकातलं निराळं. फोटो पाठवला म्हणून घोटाळा झाला. यातलं काहीही चाललं असतं. सत्तावीस वर्षांची सवय होती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण दिगंबरची नजर माझ्यावर नव्हतीच. तो त्या फळीवर तळहात ठेवून उभा होता, जसं एखाद्याच्या अंगात ताप आहे का ते बघावं तसा.

मी म्हटलं, "मला हा शब्द येत नव्हता."

माझाच आवाज मला ओळखू येईना. "मला येत नव्हता, आणि तसं सांगायची लाज वाटली. डिक्शनरीत अर्धंच वाचलं. चूक माझी आहे. सरांची नाही आणि अण्णांची तर नाहीच."

दहावीच्या वर्गातल्या पोरी एकमेकींकडं बघत होत्या. मला वाटलं, आता खाली बसावं आणि जमिनीनं पोटात घ्यावं. तेवढ्यात महादूअण्णा पुढं आले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि म्हणाले, "लाकूड तर खरं स्प्रूस हाय ना?"

दिगंबर म्हणाला, "अगदी खरं, अण्णा."

"मग माझं काम चुकलं न्हाय. ठोकलंय म्या, काढतो बी म्याच. हातोडा आना रे कुनीतरी."

हार घातलेल्या पाहुण्यानं स्वतः फळ्या धरल्या. वरून एकेक फळी सुटायला लागली. आधी बर्फाचा पांढरा पट्टा दिसला, मग रशिया, मग कॅनडा. मुलं टाळ्या वाजवायला लागली. पट्ट्यांमुळं फळ्या भिंतीला टेकलेल्या नव्हत्या, त्यामुळं रंग जसाच्या तसा राहिला होता. फक्त ठराविक अंतरावर भोकं पडली होती. एक भोक नेमकं मक्केच्या जवळ पडलेलं पाहून मी मनातल्या मनात तोबा केली.

आणि कपाटंही नव्हती, फळ्याही नव्हत्या, तेव्हा मी पहिल्यांदा त्या नकाशाच्या जवळ गेले. त्यावर टिकल्या होत्या. कुंकवाच्या टिकलीएवढे लाल रंगाचे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी लहान मुलाच्या अक्षरात एक नाव.

दिगंबर सांगायला लागला. "भूकंपानंतरचं पहिलं वर्ष होतं, बाई. आमच्यातल्या कुणाचंच घर उरलं नव्हतं. काहींची माणसंही गेली होती. वर्गात कुणी बोलायचं नाही. चित्रकलेच्या गुरुजींनी महिनाभर खपून हा नकाशा काढला आणि ब्रश आमच्या हातात दिला. म्हणाले, घर तर गेलंच आहे, आता पुढं कुठं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्याला जिथं पाहिजे तिथं टिकली लावा."

"आणि तू कॅनडाला लावलीस!" हेडसर भारावून म्हणाले.

"न्हाय सर. नागपूरला."

"नागपूरला?"

"तिथं संत्री मिळतात असं ऐकलं होतं."

हॉल हसला. खरंच नागपूरवर लिहिलेलं होतं, दिगंबर, आणि 'बर'चा 'र' थेट बंगालच्या उपसागरात गेलेला. बाकीच्यांनी काय काय निवडलं होतं! तिघं अमेरिकेत. एक लंकेत, रावणाला बघायचं म्हणून. एकीनं उमरगा निवडलं होतं, पण नकाशात उमरगा नव्हतंच, म्हणून तिनं आधी उमरगा लिहून मग टिकली लावली होती. दिगंबर एकेक नाव वाचत होता आणि गावातली माणसं मागून सांगत होती, हा आता लातूरला असतो, ही सोलापूरला दिली, हा गेला.

मग तो आफ्रिकेपाशी आला. अगदी खालच्या टोकापर्यंत, सगळ्या नकाशात सगळ्यात मोठ्या अक्षरांत एक नाव होतं. 'मंगल'.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मंगलनं पदर तोंडाला लावला होता.

"मंगे, आफ्रिकेत गं काय होतं तुझं?" दिगंबरनं विचारलं. ती त्याच्याच वर्गातली होती, हे शाळेत इतकी वर्षं काढून मला ठाऊक नव्हतं.

"मोकळी जागा लई होती तिथं," मंगल म्हणाली. "मला नाव मोठं लिवायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि उमरग्याच्या कॉलेजच्या वाचनालयात गेले. तिथं उखळाएवढी एक डिक्शनरी आहे. सत्तावीस वर्षांत मी ती कधी उघडली नव्हती. स्प्रूस काढला, आणि या वेळी पान उलटलं. एवढंच नाही, तो शब्द आला कुठून तेही सगळं वाचलं. परत आले तेव्हा शाळेच्या ओट्यावर दिगंबर, महादूअण्णा आणि मंगल बसले होते. मंगल तांदूळ निवडत होती. मी त्यांना बसल्या जागी धडा दिला. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला धडा तोच असावा.

"युरोपात प्रशिया नावाचं एक राज्य होतं. इंग्रज लोक त्याला प्रूस म्हणायचे. मग कधीतरी त्यांच्या जिभेवर त्याच्या पुढं एक 'स' येऊन चिकटला आणि प्रूसचं स्प्रूस झालं. तो 'स' कुठून आला ते पक्कं कुणाला ठाऊक नाही."

"त्यात काय नवल," महादूअण्णा म्हणाले. "आपन स्टेशनाला इस्टेशन म्हंतो. त्येंनी पुढं 'स' लावला, आपन त्याच्या बी पुढं 'इ' लावली."

"तर त्या मुलखातून जहाजानं जो माल यायचा, त्याला सगळ्याला स्प्रूस म्हणायचे. स्प्रूसच्या फळ्या, स्प्रूसच्या पेट्या, स्प्रूसचं कातडं. फळ्या ज्या झाडाच्या, त्या झाडालाच पुढं तेच नाव पडलं."

मंगलनं सुपातून मान वर केली. "म्हंजे इरकलसारखं."

मी थांबले. "कसं?"

"इरकल गाव हाय ना कर्नाटकात. तिथनं लुगडं येतं म्हनून लुगड्यालाच इरकल म्हंतो आपन. आज्जी म्हनायची, माझं इरकल वाळत घाल. गाव थोडंच वाळत घालतो?"

दिगंबरनं मांडीवर थाप मारली. मी सत्तावीस वर्षांत फळ्यावर इतकं सोपं उदाहरण कधी दिलं नव्हतं.

"आन् मग साफसूफचं काय?" अण्णांनी विचारलं. त्यांना अजून तेवढं पटलं नव्हतं.

"तिथल्या कातड्याची जाकिटं फार ऐटबाज असायची, म्हणे. तसलं जाकीट घातलेला माणूस टापटीप दिसायचा. त्यावरून बहुधा टापटीप माणसालाच स्प्रूस म्हणायला लागले, आणि टापटीप करणं म्हणजे स्प्रूस अप."

"म्हंजे इरकल नेसून नटली, तर बाई इरकल झाली," मंगल म्हणाली.

"आणि ते राज्य?" दिगंबरनं विचारलं.

"ते आता नकाशात नाही. वाटण्या झाल्या त्याच्या. नुसतं झाडाचं नाव उरलंय."

अण्णांच्या तोंडून एवढंच आलं, "गाव गेलं तरी फळ्या ऱ्हायल्या म्हना की."

फळ्यांचं काय करायचं हा प्रश्न दिगंबरनंच सोडवला. तीन भिंतींवरच्या तशाच राहू दिल्या. थंडीत हॉल उबदार राहतो. मागच्या भिंतीवरच्या काढलेल्या फळ्यांची अण्णांनी खिचडीच्या खोलीत मजबूत मांडणी करून दिली. तांदळाची पोती ओलीवरून उचलून आता त्या मांडणीवर असतात. नकाशाच्या भोकांत अण्णांनी पुट्टी भरली. वरून निळा रंग दिगंबरनं स्वतः लावला, तो समुद्रापेक्षा जरा गडद झाला.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं दहावीच्या वर्गाला दोन तास गोष्टी सांगितल्या. पोरींनी मला नंतर विचारलं, "बाई, तुम्हाला आणखी कुठले शब्द येत नाहीत?" मी म्हटलं, यादी करा. त्यांनी खरंच केली. वर्षाच्या राहिलेल्या महिन्यांत आम्ही ती यादी मिळून संपवत होतो, आणि त्या तासांना कुणी गैरहजर राहायचं नाही.

पण माझ्या मनात एक गोष्ट राहिलीच होती. गावापुढं मी चूक कबूल केली, वर्गापुढं केली, हेडसरांची माफी मागितली. एकीची मागितली नव्हती. एका सकाळी पहिला तास मोकळा होता, तेव्हा खिचडीच्या खोलीत गेले. चुलीवर मोठं पातेलं, त्यात डाळ-तांदूळ रटरटत होते. मंगल हळद घालत होती.

"मंगल," मी म्हटलं, "तू मला आधीच सांगितलं होतंस. ती भिंत सोडा म्हणून. इंग्रजीत लिहिलंय म्हणून मी तुझं ऐकलं नाही."

तिनं हळदीची डबी बंद केली, मांडणीवर ठेवली. माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली,

"ऐकलं की बाई तुमी. पर म्या मराठीत सांगितलं होतं ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे घडलं ते तिनं सांगितलं, पावसानं कपडे भिजले असं सांगावं तसं. मग तिनं डाव माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जरा हलवत ऱ्हावा, बुडाला लागंल. म्या ताटं घेऊन येते."

मी पदर खोचला आणि ढवळत राहिले.